हे पुस्तक कुणी वाचावं

घाटनांदूरच्या आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या शेवटच्या रविवारी साक्षीची वेळ आली की मंडळी मान खाली घालून बसायची. भक्तीनं नव्हे, भीतीनं. कारण साखराबाई उठायच्या.

साखराबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. बाकीचे लोक साक्षीत सांगायचे की प्रभूनं ताप उतरवला, पोराला नोकरी लावली. साखराबाई महिन्याभरात वाचलेलं पुस्तक सांगायच्या. सांगायच्याही फार छान, ते नाकारून चालणार नाही. पण शेवटी ते कुणी वाचावं हे नाव घेऊन सांगायच्या. दारूवरचं असलं की "सुंदरराव, तुमी न्या." आळसावरचं असलं की स्वतःच्या सुनेचं, रोहिणीचं नाव. नाव निघालं की त्या माणसानं सगळ्यांसमोर पुढं येऊन पुस्तक घ्यायचं, अशी रीतच पडली होती. पाळकसाहेबही गप्प बसत. लांबलचक प्रवचन दिल्याबद्दल त्यांनाही एकदा एक पातळसं पुस्तक मिळालं होतं.

चर्चच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. नगरहून टपालानं पार्सल आलं की आधी मी वाचते, मग ते साखराबाईंकडे जातं. चार वर्षांपूर्वी माझा नवरा कडा गावी साखर कारखान्यावर कामाला गेला आणि तिथंच दुसरीबरोबर राहिला. बातमी गावात पोचून आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात महिन्याचा शेवटचा रविवार आला. साखराबाईंच्या हातात सुखी संसारावरचं पुस्तक होतं.

"जिला नवरा टिकवता आला न्हाई, तिनं हे आधी वाचावं. एस्तेर, ये पुढं."

मी गेले. पुस्तक घेतलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. ते पुस्तक मी चुलीत घातलं आणि कपाटाच्या यादीत त्याच्यापुढं 'वाळवीनं खाल्लं' असं लिहिलं. खोटं लिहिल्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. मला एकच हवं होतं. त्या बाईनं त्याच जागी उभं राहून माझी माफी मागावी.

मागच्या वर्षी काचबिंदूनं साखराबाईंची नजर गेली. मला आनंद झाला, लपवू कशाला? वाटलं, सुटलो. पण त्या कसल्या थांबतात! मुलगा सत्यम परळीला नोकरीला, घरी सासू-सून दोघीच. मग रोज दुपारी रोहिणीनं मोठ्यानं वाचायचं आणि साखराबाईंनी ऐकता ऐकता तिच्या उच्चारांतल्या चुका काढायच्या, असं सुरू झालं.

या फेब्रुवारीत एक कादंबरी आली होती. त्यातली तरुण नर्स डोंगरावरच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात काम करते आणि तिशीच्या आतच तापानं मरते. मी वाचून रडले आणि पुस्तक साखराबाईंकडे पाठवलं.

शेवटच्या रविवारी त्या रोहिणीचा हात धरून उठल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

"ती नर्स लई हुशार होती," त्या म्हणाल्या, "पर जिभेनं माणसं कापायची. म्हातारपणी तिला घोटभर पाणी द्यायला कुणी न्हाई राहिलं. मग ती दारोदार फिरली. ज्याला ज्याला बोलली होती, त्याचे पाय धरले. हे पुस्तक आज मी कुणाला देत न्हाई. हे माझ्यासाठीच हाय. आन् मंडळीसमोर मला एस्तेरला एक सांगायचं हाय..."

आणि मी, चार वर्षं ह्याच वाक्याची वाट बघणारी मी, ताडकन उठले. मला तेव्हा एवढंच कळत होतं की बाई पुस्तक चुकीचं सांगतेय, पहिल्यांदाच तावडीत सापडलीय.

"त्या पुस्तकात असलं काई बी न्हाई!" मी म्हणाले. "ती म्हातारी होतच न्हाई, तिशीच्या आत मरती. कुणी बनवलं तुमाला, साखराबाई?"

आधी सुंदरराव हसले, मग अख्खी मंडळी. इतक्या वर्षांचं साठलेलं हसू होतं ते, थांबता थांबेना. साखराबाईंनी सुनेकडे तोंड वळवलं, पण हात सोडून ती केव्हाच दुसऱ्या बाजूला सरकली होती. त्यांचं तोंड भिंतीकडेच राहिलं. मग चाचपडत बाकावर बसल्या.

बाहेर चपला घालताना रोहिणीनं मला गाठलं.

"कशाला बोललात तुमी? आठ दिवस बसून रचलं होतं मी ते. आत्याबाई माझं ऐकत न्हाईत, पुस्तकाचं तरी ऐकतील म्हणलं. ऐकलं बी होतं."

मंगळवारी मी साखराबाईंच्या घरी गेले. त्या बाजेवर बसल्या होत्या. मी पायाशी बसून विचारलं, "परवा मला काय सांगणार होता?" विचारलं कसलं, भीकच मागितली.

"काई न्हाई," त्या म्हणाल्या. "पुस्तकात होतं म्हणून तुझे पाय धराया निघालते. पुस्तकात न्हाई, हे तूच सांगितलंस. मग कशाला धरू?"

मार्चचा शेवटचा रविवार आला. पुस्तक जिभेला आवर घालण्यावरचं होतं. साखराबाईंनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नीट सांगितलं. रोहिणीनं या वेळी अक्षर न् अक्षर खरं वाचलं होतं, मी मनात ताडून पाहत होते. कुठंही चूक नव्हती.

"एस्तेर, ये पुढं," साखराबाई म्हणाल्या.

मी गेले.