खुडूक मोडणारी मुबारकबी

पारनेरच्या अलीकडच्या वाडीत कुणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून पिसं फुगवून रिकाम्या खुराड्यात बसून राहिली, की बायका तिला तंगड्या धरून मुबारकबीकडं आणायच्या. खुडूक मोडायचं, म्हणजे कोंबडीला पुन्हा अंडी द्यायला लावायचं, हे काम तिला सासूनं शिकवलं होतं. बादलीत बुडवायची, नाकातनं पीस आरपार घालायचं, वर पाय बांधून टांगायची. तीस वर्षं तिनं ते केलं, आणि तीस वर्षं तिला त्याची किळस आली. खुडूक कोंबडीची घाण नाकात बसते, अंगावरच्या उवा मनगटावर चढतात. साबणानं तीनदा हात धुतले तरी भाकरीचा घास तोंडाशी नेला की तोच वास.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या भागूबाईनं तांबडी कोंबडी आणली. तिसऱ्यांदा बुडवताना तिची मान हातातच लुळी पडली. चोचीतला फेस मुबारकबीच्या बोटांवर ओघळला.

"जाऊ द्या भाभी," भागूबाई म्हणाली, "कालवण तरी हुईल."

मुबारकबी मोरीत जाऊन भडाभडा ओकली.

महिनाभरानं जनावरांच्या कॉलेजातल्या डॉक्टर धनश्री वाडीत आल्या. एका लशीची चाचणी चालली होती.

"चाची, कोंबडीच्या मेंदूपाशी एक रस तयार होतो. तो रक्तात वाढला की ती खुडूक होते. ही लस टोचली की तिचंच शरीर त्या रसाला अडवतं."

"बुडवायचं न्हाई?"

"नाही."

मुबारकबीनं तिथल्या तिथं स्वतःच्या बारा कोंबड्या पुढं केल्या. काही आठवड्यांच्या अंतरानं तीन सुया झाल्या. त्यातल्या दोघी तरीही खुडूक झाल्या. त्यांना तिनं उबवायला अंडी दिली आणि बसू दिलं. बाकीच्या दहा अंडी देत राहिल्या.

पण ती अंडी वाडीत कुणी घेईना.

"शी! सुईची अंडी," भागूबाई दारातच नाक मुरडून म्हणाली. "आमाला न्हाई चालत असलं घाणेरडं."

मुबारकबीचं डोकं सणकलं. "व्हय का? माझ्याकडनं नाकातनं पीस घालून घेताना शी न्हाई वाटली? बुडून मेलेलीचं कालवण गेलं ना घशाखाली? मला तर माझ्या हातांचीच शिसारी येती, भागूबाई. इथनं पुढं एक कोंबडी माझ्या दारात आणू नका."

भागूबाई पदर झटकत निघून गेली.

चाचणी संपली. लस दुकानात यायला अजून कैक वर्षं लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुयांचा असर ओसरला तशा मुबारकबीच्या कोंबड्या पुन्हा खुडूक होऊ लागल्या, तरी तिनं एकीलाही पाण्यात घातलं नाही. वाडीतल्या कोंबड्यांचं ते काम आता पलीकडच्या घरातली कडूबाई करते. तिच्या अंगणातनं कोंबडीचा कलकलाट सुरू झाला की मुबारकबी खिडकी लावून घेते, आणि पुढ्यातलं ताट तसंच सरकवते.