वाढत्या अंगाच्या कुबड्या

माझ्या मुलीच्या कुबड्या मी वाढत्या अंगाच्या करून ठेवल्या होत्या. हसा, नातवंडंही हसतात. बटण दाबलं की लांबी कमी-जास्त होणारी वस्तू, आणि ही शहाणी बाई ती आधीच लांब करून बसली!

दोन हजार सहा-सातची गोष्ट. आम्ही बदलापूरला शिरगावात राहायचो, हे आनंदनगरच्या कारखान्यात कामाला. मुलगी बारा वर्षांची, पोलिओने एक पाय अधू. गुडघ्यावर हात दाबत चालायची. म्हणून उल्हासनगरच्या दुकानातून कोपराखाली कडं बसणाऱ्या कुबड्या आणल्या. सिंधी दुकानदाराने तिला चपला घालून सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावले आणि कुबड्यांच्या मुठी बरोबर मनगटाशी आणून दिल्या. म्हणाला, "भाभी, अभी के नाप की रखो."

मला वाटलं, याला लवकरच दुसरी जोडी आमच्या गळ्यात मारायची असेल. घरी आल्याबरोबर बटणं दाबून दोन्ही नळ्या लांब केल्या. शाळेचा गणवेशसुद्धा आम्ही कधी अंगाबरोबर घेतला नव्हता, मग हे कसं घेणार?

पोरीचे खांदे कानाला लागले. कोपरं दुमडलेली. दारापर्यंत जाऊन परत यायची, आणि मी ओरडायचे, "खांदे खाली घे! अशी काय चालतेस?" हळूहळू ती बाहेर पडेनाशी झाली.

बुद्धजयंतीला विहारात फुलं वाहायची रांग होती. तिथे तर सगळ्यांदेखत बोलले, "नीट चाल गं, लोक बघतायत." ती तिथेच खाली बसली. तिची फुलं मी वाहून आले. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

घरी आल्यावर नणंदेने कुबड्या उचलून बघितल्या.

"वहिनी, हे माप कोणाचं?"

"वाढतं अंग आहे ना तिचं..."

"अगं, फ्रॉक मोठा झाला तर टीप मारशील. पोरीच्या हाताला काय मारणार?"

फरशीवर बसून मी नळ्या आत सरकवल्या, मुलीला उभं करून मुठी मनगटाशी आणल्या. खांदे आपोआप खाली आले. ती ओट्यापासून दारापर्यंत गेली, तशीच पुढे जिन्यापर्यंत जाऊन आली.

"चुकलं गं माझं," मी म्हटलं. वाटलं, आता चिडेल, रडेल. ती माझ्याकडे बघत म्हणाली,

"म्हणजे मला चालता येतं? मला वाटलं, मलाच जमत नाहीये."