बाराव्या अध्यायातलं शेवाळ

"वरचं नाव राहू दे. आत काय हाय, ते सांग."

हातात काहीही दिलं, की काका आधी हे म्हणायचे. मग ती वस्तू उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायचे आणि शेवटी नाकाजवळ न्यायचे. बिस्किटाचा पुडा असो, की माझा उत्पन्नाचा दाखला. दाखल्याचा वास घेणारा माणूस तुम्ही कुठे पाहिला असाल, तर मला जरूर कळवा.

मी अकरावीला लातूरला आलो, तेव्हा त्यांची खोली माझ्या खोलीसमोर होती. ती सगळी गल्लीच क्लासच्या पोरांची. घरमालकांनी गच्चीपर्यंत खोल्या चढवलेल्या. दर जूनला पोरं बदलायची, ते मात्र तिथेच. पोरं त्यांना फॉर्मवाले काका म्हणायची, कारण प्रवेशाचा, वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा कुठलाही अर्ज त्यांना दाखवल्याशिवाय कुणी देत नसे.

मी देवणीकडचा. वडील टेम्पो चालवतात, आई अंगणवाडीत मदतनीस. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. 'पालकांचे शिक्षण' या रकान्याशी माझा पेन अडायचा. काकांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं.

"किती शिकलेत वडील?"

"चौथी."

"मग लिही की चौथी. हाय ते लिहायला लाजू नको."

गल्लीच्या तोंडाशी क्लासचे मोठे फलक होते, गुणवंतांच्या फोटोंचे. काका येता-जाता ते बारकाईने बघायचे. एकदा मला थांबवून म्हणाले, "हे चष्म्यावालं पोरगं बघ. इथं हाय, आन् पलीकडच्या क्लासच्या फलकावरबी हाय. एकच माल दोन नावांनी! आमच्या कस्टमात हे चाललं नसतं."

तरुणपणापासून लातूरला येईपर्यंत ते मुंबईत एका खासगी कचेरीत होते. बंदरात उतरलेल्या मालाची कस्टमची कागदपत्रं ती कचेरी करायची. जगातली प्रत्येक वस्तू कस्टमच्या पुस्तकातल्या कुठल्या ना कुठल्या अध्यायात बसते, आणि कुठल्या ते काका ठरवायचे. अध्याय चुकला की माल बंदरात अडकतो. ते जाडजूड पुस्तक अजून त्यांच्या उशाशी असायचं.

मी एकदा विचारलं, "काका, सगळ्यात विचित्र माल कोणता आला?"

"शेवाळ."

"विहिरीतलं?"

"समुद्रातलं, येड्या. वाळवलेलं. खातेत लोक. मोठ्या हॉटेलांना लागतं."

मला हसू आवरेना. त्यांनी पुस्तक उघडून बोट ठेवलं. "हे बघ, बारावा अध्याय. तुझं सोयाबीन ह्यात. करडई ह्यात. कडबा ह्यात. आन् शेवाळबी ह्यातच. समुद्र कुठं, लातूर कुठं, पर पुस्तकात शेजारी हायत."

मग बोट तसंच ठेवून हळू आवाजात म्हणाले, "नुसतं वाळवलेलं असलं तरच. तेल-मीठ लावून भाजलं, की तयार पदार्थ झाला. ते जातं विसाव्यात. वरून बघितलं तर दोन्ही सारखंच. काळं, कागदासारखं."

त्यांच्या कपाटात तसलं एक चंदेरी पाकीट होतं, न फोडलेलं. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत.

काकांचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपात त्यांची बायको आणि सहा वर्षांची मुलगी गेली, एवढं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल कुणी विचारत नसे. पुनर्वसनाच्या गावात त्यांना घर मिळालं होतं, पण त्यात ते एक दिवसही राहिले नव्हते. माझ्या बारावीच्या निकालानंतर त्यांचा मेहुणा त्या घरासाठीचा एक अर्ज घेऊन आला.

"दाजी, लई वर्षं झाली. ह्या महिन्यात कागद दिला न्हाई, तर घर दुसऱ्याला देणार हायत."

"देऊ दे."

"माझ्या बहिणीचं नाव कुठंच राहणार न्हाई मग. पोरीचंबी न्हाई. त्या घराच्या कागदावर तेवढं हाय." मेहुण्याचा आवाज चढला. "दुनियेचे अर्ज भरता तुम्ही. हा एक भरवंना?"

मेहुणा अर्ज ठेवून गेला. तो पंधरा दिवस पुस्तकाखाली तसाच होता. शेवटी एका दुपारी काकांनी मला हाक मारली. "तू लिही. माझा हात चालत न्हाई."

नाव, गाव, घरातली माणसं, सगळं त्यांनी न थांबता सांगितलं. पुढचा रकाना होता, 'घटनेच्या वेळी अर्जदार गावात हजर नसल्यास कारण'. काकांनी तो स्वतः वाचला. मग उठले आणि कपाटातून ते पाकीट काढून आणलं. दातांनी फोडून माझ्यापुढे धरलं.

"वास घे. काय हाय?"

आत चुरा झालेली काळी पानं होती. खवट वास आला. "तेल," मी म्हणालो.

"एवढंच करायचं होतं मला. फोडून नाकाला लावायचं होतं. वर लिहिलेलं वाळवलेलं शेवाळ, मी डोळे झाकून बारावा लावला. कस्टमच्या साहेबानं एक पाकीट फोडलं आन् माल अडकला. सगळे कागद नव्यानं करायचे, म्हणून रजा रद्द झाली. विसर्जनाला येतो म्हणून मी पोरीला कबूल केलं होतं."

विसर्जनानंतरच्या पहाटेच भूकंप झाला होता.

"पण काका, तुम्ही गेला असता तर..."

"हाव. मीबी." त्यांनी पाकिटाचं तोंड दुमडलं. "चूक केली म्हणून जिवंत राहिलो. आता हे कारण कसं लिहू, सांग."

सतरा वर्षांचा मी. भीत भीत म्हणालो, "हाय ते लिहू, काका. चौथीसारखं."

त्यांनी पाकीट बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "लिही. मालाचा अध्याय चुकवल्याने रजा रद्द झाली." सही त्यांनी स्वतः केली. अर्जाचा वास मात्र घेतला नाही.

घर नावावर झालं आणि काका गावी राहायला गेले. मला वाटलं होतं, आम्हाला हलकं वाटेल. पण समोरच्या खोलीत नवी तीन पोरं आली, आणि मी माझे अर्ज एकट्यानेच दोनदा तपासू लागलो.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन मी एकदा त्यांच्या गावी गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, "जुन्या गावठाणात गेलेत. रोजच जातेत. दिवेलागणीला येतेत बघा."

मी पायरीवर बसलो. दारावर रंगाने तीन नावं लिहिली होती. आधी बायकोचं, मग मुलीचं, खाली त्यांचं. अक्षर त्यांचंच, अर्जातल्यासारखं सुटं सुटं. खिडकीतून आत एक खाट, एक ताट आणि ते जाडजूड पुस्तक दिसत होतं.

गाडीची वेळ झाली, तरी ते आले नाहीत. मी निघालो.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेल्याचा त्यांच्या मेहुण्याचा फोन आला. मी परत गेलो. कुलूप नवीन होतं. खिडकी लावलेली होती, त्यामुळे आत काय आहे ते दिसलं नाही. दारावरची तिन्ही नावं तशीच होती. मी ती वाचली, वरून खाली, दोनदा.