मंगळवार-शुक्रवारच्या भिंती

डास तोंडाने पकडतात. काचेची एक नळी, तिला जोडलेली रबराची नळी, दोन्हींच्या मध्ये जाळीदार कापडाचा तुकडा. रबराचं टोक ओठांत धरायचं, काचेचं टोक भिंतीवर बसलेल्या डासापाशी न्यायचं आणि लहानसा श्वास आत ओढायचा. डास नळीत येतो. कापड नीट बांधलेलं नसेल तर घशातही येतो. माझ्या एकदा आला. तेव्हापासून ते कापड मी दुसऱ्या कोणाला बांधू दिलं नाही.

कुंभकोणात मी हे काम जवळजवळ वर्षभर केलं. तेव्हा मी मद्रासला पदवीनंतरचं संशोधन करत होते आणि विषय होता हत्तीपाय. डास आजारी माणसाचं रक्त पितो, त्या रक्तातून जंतांची पिल्लं त्याच्या अंगात जातात, तिथे वाढतात, आणि पुढे तो ज्याला चावेल त्याच्या अंगात उतरतात, एवढं तोवर सर्वांना ठाऊक होतं. गटारांवर रॉकेल ओतलं तर घरातले डास किती कमी होतात, हे मात्र कोणी नीट पाहिलं नव्हतं. गावातल्या एका गल्लीत नगरपालिकेची माणसं गटारांवर रॉकेल ओतू लागली होती. शेजारच्या दारासुरमच्या विणकरांच्या गल्लीत ओतत नव्हती. दोन्हीकडे सकाळी घरांत जायचं, भिंतींवर बसलेले डास पकडायचे, मोजायचे, चिरून पाहायचे आणि तुलना करायची. माझा प्रबंध तो एवढाच.

हाच विषय का घेतला, असं लोक विचारतात. माझ्या आईचा डावा पाय गुडघ्याखाली घागरीसारखा सुजलेला होता, असं मी सांगते, आणि ते खरं आहे. पण विषय मी घेतला नव्हता. आम्ही चौघं विद्यार्थी होतो आणि प्राध्यापकांकडे चार विषय होते. एकाला सापाचं विष मिळालं, एकाला उंदरांच्या पिसवा, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला पटकी. रॉकेलच्या गल्लीत बरीचशी घरं आमच्यासारख्या तंजावरकडच्या मराठी लोकांची होती. मराठी येणारी विद्यार्थिनी मी एकटी, म्हणून डास माझ्याकडे आले.

मद्रासच्या वसतिगृहात मी आणि ती पटकीवाली जेवताना कामाबद्दल बोलायचो. आमच्या पंगतीतल्या मुली ताटं उचलून लांब बसायच्या. आम्हाला त्याचं काही वाटत नसे, उलट जागा ऐसपैस होई. कुंभकोणात आल्यावर कळलं की संशोधनाचा निम्मा भाग म्हणजे ते बोलणं होतं.

साक्कोट्टैच्या रस्त्यावर मी एक खोली भाड्याने घेतली होती. खिडकीशी टेबल, त्यावर कॉलेजचा सूक्ष्मदर्शक. सकाळी पकडलेले डास दुपारी चिरायचे. पंख आणि पाय काढायचे, काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, त्यात डोकं, छाती आणि पोट वेगळं करायचं आणि सुयांनी हलक्या हाताने विंचरायचं. बहुतेक डासांत काही नसतं. पहिल्यांदा एका डासाच्या छातीतून जंताचं जिवंत पिल्लू बाहेर आलं आणि पाण्यात वळवळू लागलं, तेव्हा मी डोळा न काढता म्हणाले, "हे बघ." मग वर पाहिलं. खिडकीबाहेर एक म्हैस उभी होती. मी चित्र काढलं, काचपट्टी पुसली आणि पुढचा डास घेतला.

मुदत ठरलेली होती. शिष्यवृत्ती मार्चअखेर संपायची. माझ्या थोरल्या भावाने तंजावरात एक स्थळ पाहून ठेवलं होतं आणि त्यांना सांगितलं होतं की मुलगी मार्चनंतर मोकळी आहे. प्रबंध तोवर पुरा झाला आणि पदवी मिळाली तर मद्रासला प्रयोगशाळेत जागा मिळणार होती. नाही झाला, तर मी मोकळीच होते.

सोमवारी आणि गुरुवारी दारासुरम, मंगळवारी आणि शुक्रवारी रॉकेलची गल्ली, असा क्रम मी लावला आणि कधी मोडला नाही. दारासुरमला जटक्याने, म्हणजे घोड्याच्या गाडीने जायचे. विणकरांच्या घरात माग पुढच्या खोलीत असतो आणि माणसं त्याच्या कडेने वावरतात. तिथल्या बायका मला 'कोसु अम्मा' म्हणत, म्हणजे डासबाई. एकीने पहिल्याच आठवड्यात तमिळमध्ये विचारलं, "डास धरायला सरकार पैसे देतं?"

"देतं."

"मग माझ्या नवऱ्याला ने. तो दिवसभर बसून तेच करतो. फक्त टाळी वाजवतो, नळी नाही."

नवरा मागावरच बसला होता. तो म्हणाला, "टाळी वाजवली म्हणूनच पोरं झोपली काल." बाई हसली आणि कामाला लागली. त्या घरांत चूल मागच्या अंगणात असे आणि पुढच्या खोलीत उदबत्तीसुद्धा लावत नसत. ताण्यावरच्या रेशमाला धूर बसला तर रंग मळतो, हे मला तिथेच कळलं. कळलं आणि मी विसरून गेले.

रॉकेलच्या गल्लीतलं पहिलं घर कोर्टातल्या एका कारकुनाचं होतं. त्याच्या बायकोला मी मावशी म्हणायचे, नातं काही नव्हतं. मी दारात पोचायच्या आधी दार उघडलेलं असे. जमीन नुकती पुसलेली, खोलीला धुपाचा वास. कुंभकोणात सकाळी धुपाचा वास येणं म्हणजे नदीला पाणी असणं, त्यावरून कोणी काही विचार करत नाही. मावशी कॉफी घेऊन उभ्या असत. मी घेत नसे. नळी तोंडात असताना कॉफी कशी घेणार, आणि पुढची घरं वाट पाहत असत. खोलीत कोणी हललं की डास उडतात, म्हणून मी सर्वांना बाहेर थांबायला सांगायचे. कोपरे, खुंटीवरच्या कपड्यांच्या घड्या, पलंगाखालची बाजू बॅटरीच्या उजेडात पाहायची, मिळतील ते डास घ्यायचे आणि निघायचं. दाराबाहेर बायका बोलत असायच्या. मी बाहेर आले की गप्प व्हायच्या. माझ्याबद्दल बोलत असतील, असं मी धरून चालले. एवढ्या महिन्यांत त्यांच्यापैकी कोणाजवळ मी टेकलेसुद्धा नव्हते.

आकडे मात्र सुरेख येत होते. दारासुरमच्या एका घरात जितके डास मिळत, तितके या अख्ख्या गल्लीत मिळत नसत. प्राध्यापकांनी कळवलं की असा स्पष्ट फरक त्यांनी कुठे पाहिलेला नाही आणि जानेवारीतल्या शास्त्रज्ञांच्या सभेत ते स्वतः तो वाचून दाखवतील. ते कळलं त्या दिवशी मी साक्कोट्टैच्या देवळापर्यंत चालत गेले आणि परत आले. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून चालले.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दारासुरमला पोचले तर गल्लीच्या तोंडाशीच माणसं जमलेली. एक म्हातारा विणकर गेला होता. माग थांबले होते, घरांत शिरणं शक्य नव्हतं. नळ्या, कापूस, बॅटरी सगळं बरोबर होतं आणि सकाळ फुकट घालवणं माझ्या स्वभावात नाही. त्याच जटक्याने मी परत आले आणि शुक्रवारची गल्ली गुरुवारीच करायची ठरवली.

मावशींचं दार बंद होतं. कडी वाजवली. केस मोकळे, हात पिठाने भरलेले अशा त्या समोर आल्या आणि मला पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"आज कशी आलीस गे? आज गुरुवार नव्हे?"

"दारासुरमला जमलं नाही. पाच मिनिटांचं काम आहे, मावशी."

"नक्को, थांब. आत नक्को जाऊं. कांहीच केलेलं नाहीं. धूपसुद्धा घातला नाहीं."

मी आत गेले. बॅटरी लावली. पलंगामागची भिंत डासांनी काळी ठिपक्याठिपक्यांची झाली होती. खुंटीवरचं धोतर हलवलं तर ढग उठला. दारासुरमइतकेच होते, कदाचित जास्त.

मी नळी तोंडातून काढली. "मावशी, धूप कशाला घालता?"

"कशाला म्हणजे? तूं येतीस म्हणून."

"मी येते म्हणून?"

"मंगळवार-शुक्रवार तूं येऊन भिंतीला तोंड लावून उभी राहतीस. डास फोडून खातील तुला. पहाटे शेगडी ठेवून दारें लावून घेत्यें, मग उघडून टाकत्यें. सगळे पळतात." त्यांनी हात पुसले. "आईवेगळी पोर परगावीं राहते. तुझी आई असती तर तुला डासांत उभी करती कां?"

"बाकीच्या घरांतही घालतात?"

"घालतातच. मीच सांगितलें सगळ्यांस. शेजारची विसरली होती एकदां, तर बोलल्यें तिला."

बाहेर माझ्याबद्दलच बोलत असत, हा माझा अंदाज बरोबर होता.

त्या दिवशी गल्लीतली सगळी घरं केली. कुठेही धूप नव्हता आणि सगळीकडे डास होते. खोलीवर येऊन मी कागद काढले. रॉकेलने काय केलं ते त्या आकड्यांत कुठेच नव्हतं. त्यांत मावशींची शेगडी होती.

मद्रासला जाऊन प्राध्यापकांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "घरात धूप जाळणं ही तिथल्या लोकांची रीतच आहे ना? मग तो परिस्थितीचा भाग झाला. तसा उल्लेख करून आकडे ठेवता येतील."

"रीत रोजची नाही, सर. मी जाते त्या दिवसाची आहे."

"हे दुसऱ्या कोणाला कळण्यासारखं आहे का?"

"मला कळलं आहे."

त्यांनी सभेसाठी टाचून ठेवलेले कागद टेबलावरून उचलून माझ्याकडे सरकवले. "मार्चच्या पुढे शिष्यवृत्ती वाढणार नाही," ते म्हणाले. "जेवढं होईल तेवढं करा." माणूस वाईट नव्हता.

पटकीवाली मैत्रीण त्या संध्याकाळी वसतिगृहात नव्हती, रोग्यांचे नमुने आणायला बाहेरगावी गेली होती. मी तिच्या पलंगावर बसून जेवले आणि रात्रीची गाडी धरली.

परत आल्यावर मी मावशींकडे गेले, यावेळी नळी न घेता. त्यांना सगळं सांगितलं. डास पळाले तर मला ते मोजता येत नाहीत, मोजता आले नाहीत तर पदवी नाही. त्या ऐकत होत्या.

"म्हणजे आम्हीं तुझें वाईट केलें," त्या म्हणाल्या.

"तसं नाही. पण मी पाहुणी नाही, मावशी. मला पाहुणीसारखं वागवू नका. मी येणार म्हणून काही म्हणजे काही करायचं नाही. मी नाहीच असं समजा."

"नाहींच असें?"

"हो."

"बरें," त्या म्हणाल्या.

मराठी माणसं शब्दाला पक्की असतात. आमच्याकडची तर दोनशे वर्षं जुन्या शब्दांनासुद्धा. मावशींनी गल्लीत निरोप दिला आणि सगळ्यांनी तो पाळला. पुढच्या मंगळवारपासून दार मी ढकलून उघडायचे. जमीन पुसलेली नसे, अंथरुणं तशीच पडलेली असत. धूप नाही, कॉफी नाही. बायका दाराबाहेर थांबत नसत. मी खोलीत असताना त्या मागच्या अंगणात भांडी घासत आणि मी गेले तरी मान वर करत नसत. शास्त्राच्या दृष्टीने याहून चांगलं काही मागता येणार नाही. आकडे खरे येऊ लागले. मी कोणाच्या घरात शिरत आहे याची कोणालाच दखल नाही, अशा घरांतून मी पोंगलपासून होळीपर्यंत हिंडले. दारासुरमला एक तरी बाई माझी चेष्टा करत होती. तिथे जायचा दिवस असला की मी लवकर उठायचे.

फरक निघाला, पण थोडा. रॉकेलने डास कमी होत होते, पण ते पाहायला डोळे बारीक करावे लागत होते. सभेत वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. प्रबंध लहान झाला. परीक्षकांनी तो 'काळजीपूर्वक' असल्याचं म्हटलं, आणि ज्याच्याबद्दल दुसरं काही म्हणता येत नाही त्याला ते हेच म्हणतात. पदवी मिळाली. प्रयोगशाळेतली जागाही मिळाली, सर्वांत खालची. त्या जागेवरून सरकत सरकत मी आज जिथे आहे तिथे आले. भावाने तंजावरच्या त्या लोकांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

खोली सोडायच्या आधी मावशींना सांगायला गेले. तो शुक्रवार होता, पण मोजणी संपल्याला बरेच दिवस झाले होते आणि मी येणार हे त्यांना कळवलं होतं. दार उघडं होतं. जमीन ओली होती. शेगडी नुकतीच बाहेर नेलेली दिसत होती, खोलीत धूर अजून तरंगत होता.

"आतां बैस," मावशी म्हणाल्या. "आतां मोजायचें नाहीं ना कांहीं?"

"नाही."

त्या कॉफी आणायला आत गेल्या. मी पलंगावर बसले. सवयीने पिशवीतून बॅटरी काढली आणि मागच्या भिंतीवर उजेड टाकला. कोपरा पाहिला, खुंटीखाली पाहिलं. एकही डास नव्हता. त्यांची पावलं जवळ आली तशी मी बॅटरी विझवून पिशवीत ठेवली आणि दोन्ही हात मोकळे केले, कारण पेला गरम असणार होता.