अकराव्याचं नाव

१४ डिसेंबर. परवाच्या शताब्दी कार्यक्रमासाठी जिमखान्यातल्या जुन्या फोटोची काच पुसून झाली. आता बसून हे लिहिते. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईलाही नाही.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात खेळाची शिक्षिका आहे. हा फोटो शंभर वर्षांपूर्वीच्या आमच्या फुटबॉल संघाचा. त्या हंगामात संघ एकदाही हरला नाही. अकरा जण, सगळे अनवाणी. खाली नावं मात्र दहाच. टोकाला बसलेल्याचं नाव का नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी नोकरीला लागले तेव्हा विभागात बाई मी एकटीच. "मॅडम, ह्ये फुटबॉल हाय, लंगडी न्हवं," एक सहकारी सगळ्यांदेखत म्हणाले. मी फोटोकडे बोट केलं. "ते टोकाचे माझे आजोबा."

का म्हटलं असेन? आजोबांचं वाईला दुकान होतं. त्यांनी चेंडूला कधी पाय लावल्याचं ऐकलेलं नाही. पण लंगडीचं बोलणं तिथंच थांबलं. पुढे फोटोखाली आजोबांच्या नावाची पितळी पट्टी लागली. थांबवता आली असती — नाही थांबवली.

मग माझे वडील फोटो बघायला आले. त्यांना स्वतःच्या वडिलांचा चेहरा आठवत नव्हता, घरात एकही फोटो नव्हता. चपला काढून उभे राहिले. "हनुवटी माझ्यासारखीच आहे गं," म्हणाले. तेव्हा तरी बोलायला हवं होतं, नाही का? मी त्या चेहऱ्याची मोठी प्रत काढून दिली. आता वडीलही नाहीत. आई रोज त्यांच्या आणि त्या प्रतीतल्या, दोन्ही फोटोंना फूल वाहते.

आणि आज दुपारी कार्यक्रमाचं ऐकून दहिवडीकडचे एक गृहस्थ आले. साठीचे असतील. "आवं ताई, आमचा आज्जा मेंढरं घिऊन हिकडं उतरायचा. पोरांना एक गडी कमी पडला, तवा त्याला खेळाय घेतला. लय पळायचा म्हनं." फोटोतल्या टोकाच्या माणसाच्या पायावर त्यांनी बोट ठेवलं. त्या पायाला सहा बोटं आहेत. मला ती पहिल्यापासून माहीत होती. मग त्यांनी स्वतःची चप्पल काढली. सहा.

नंतर पट्टी वाचली. "ह्ये कोन?"

"माझे आजोबा." — हो, तरीही मी तेच म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसले. "मंग तुमच्याबी पायाला आसंल की. भाऊबंदच निघालो म्हना."

मी बुटातले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ते चहा पिऊन गेले. त्यांना खरंच पटलं, की सगळं कळूनच हसले?

मी नेमकं काय केलं, तेच मला उमगत नाही. नाव तर त्यांच्या आज्ज्याचं आधीही नव्हतं. वडिलांना दिलेला चेहरा खोटा होता — मग त्यांचं ते उभं राहणं? ते कशात धरायचं?

१५ डिसेंबर. सकाळी आई दोन फुलं घेऊन आली. एक मी परडीत परत ठेवलं, तिला खाली बसवलं आणि सांगितलं. तिनं उरलेलं फूल वडिलांच्या फोटोला वाहिलं. मग कॉलेजात जाऊन पट्टीचे स्क्रू काढले. तिथं दुसरं नाव लिहायला कागद घेतला, तेव्हा लक्षात आलं — काल मी त्यांच्या आज्ज्याचं नावच विचारलं नव्हतं. स्टँडवर जाऊन दहिवडीची गाडी धरली.