फेस गेलेली विहीर

फेसकर काका विहिरीचं पाणी बाटलीत भरून मोजून तीस वेळा हलवत. एकोणतीस नाही, एकतीस नाही. मग बाटली ओट्यावर ठेवून वरचा फेस शाळेच्या पट्टीने मोजत. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. हे गल्लीने ठेवलं आणि त्यांनी आनंदाने चालवून घेतलं. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते कपडे धुण्याच्या पावडरीच्या विभागात होते.

प्रताप नगरच्या आमच्या टोकाला तेव्हा नळ आला नव्हता. अकरा घरांत एक विहीर, तिच्या मागून नाला. बादली ओढली की पाण्यावर पावडरीचा फेस यायचा, म्हणून पिण्याचं पाणी आम्ही दूरच्या नळावरून सायकलने आणत असू. दर रविवारी काका फेस मोजत आणि मी आकडा वहीत लिहीत असे.

"जुन्या पावडरीच्या रेणूची साखळी फांद्यावाली राहते गा," ते समजावत. "जंतूचा घास तिथं अटकते. नव्या पावडरीची सरळ आहे. टोकापासून दोन-दोन कड्या तोडत जाते तो. नाल्याच्या गाळात हेच करून राहिले ते."

"अन् खाऊन ढेकर देते का?" आतून काकू विचारत.

"देते ना. तुले ऐकू येत नाही."

नवी पावडर घरोघरी रुळली तसा आकडा उतरत गेला. साडेतीन सेंटिमीटर, दोन, एक. एका उन्हाळ्यात सलग सहा रविवार मी शून्य लिहिलं. काकांनी पेढे वाटले. "जंतूंनी आपलं काम केलं. आता प्या बिनधास्त." सायकली थांबल्या. नाल्याचं पाणी विहिरीत झिरपतं, एवढंच तो फेस इतकी वर्षं सांगत होता. तो संपला, झिरपणं चालूच राहिलं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी सुमन पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात कोराडीहून माहेरी आली. तिच्यासाठी विहिरीचं पाणी काका स्वतः ओढत. पावसाळा सरता सरता गल्लीत कावीळ शिरली. अकरापैकी सात घरांत. माझ्या घरातले दोघे निजले आणि उठले. सुमनलाही झाली, तिला नववा लागला होता. तिसऱ्या दिवशी ती माणसं ओळखेना. पाचव्या दिवशी गेली, पोटातल्या बाळासकट.

काकू रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साबण खाल्ला तुमच्या जंतूंनी. माह्या पोरीले काहून नाही वाचवलं?"

काकांनी विहिरीचं पाणी प्रयोगशाळेच्या दुसऱ्या विभागात दिलं. मैल्याचे जंतू निघाले. मग ते बाकीच्या दहाही दारांत जाऊन उभे राहिले. "मी चुकलो. पाणी उकळून प्या." माझ्या दारात आले तेव्हा मी म्हटलं, "काका, आकडे तर मीच लिहिले."

"आकडे बरोबर होते गा. मी फेसच मोजत बसलो."

तेरावा झाल्यावर ते म्हणाले, "कोराडीले जातो. तू चाल सोबत." आम्ही बसने पोचलो. जावई ड्यूटीवर होता. विहीणबाईंनी सतरंजी टाकली, पाण्याचा तांब्या पुढे केला. काकांनी तो घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"आधी ऐकून घ्या, विहीणबाई. तुमची सून देवानं नाही नेली. ते पाणी मी पाजलं. चांगलं आहे म्हणून मीच सांगितलं होतं."

विहीणबाईंनी सगळं ऐकलं. मग उठल्या, काकांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि आत गेल्या. आम्ही परतीच्या बसच्या वेळेपर्यंत बसलो. त्या बाहेर आल्या नाहीत.