दोन्हीकडे कळंब

मुलगा मी निवडला होता. कुपवाडच्या एकाच कारखान्यात तो सीएनसी मशीनवर, मी तयार मालाच्या तपासणीवर. घरी सांगितलं तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, आधी अबोला धरला आणि मग एवढंच विचारलं, "आपल्यातलाच हाय न्हवं?" आपल्यातलाच निघाला, तसा घराचा जीव भांड्यात पडला. माझ्या अकलेला कुणी विचारलंच नाही.

त्याच्याकडची मंडळी मेढ्याला आमच्या घरी आली. पोहे झाले, उसाच्या आणि फौजेतल्या गप्पा झाल्या. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. आई तबक घेऊन बाहेर आली आणि त्याच्या चुलत्यांनी सहज विचारलं, "देवक कंचं तुमचं?"

"कळंब," आबा म्हणाले.

चुलत्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "आमचंबी कळंबच की."

लग्नाआधी ज्या झाडाची डहाळी आणून पुजायची, ते घराण्याचं देवक. देवक एक म्हणजे कूळ एक, आणि पोरं बहीणभाऊ. आडनावं वेगळी, म्हणून हे आधी विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्रिका तेवढी गावभर दाखवून झाली होती.

नवरा मुलगा मान खाली घालून बसलेला. मला त्याचाही राग आला. कारखान्यातली माझी एक मैत्रीण कर्नाटकातली, सख्ख्या मामाला दिलेली. त्यांच्यात मामाचा हक्कच पहिला. तिथे रक्ताचं नातं चालतं आणि इथे झाडाचं आडवं येतं! मी बोललेच असते, पण आईनं डोळे वटारले. शिवाय मी घाबरलेही होते. मंडळी एकदा उंबरा ओलांडून गेली, की विषय संपला.

चुलते उठलेच. "न्हाई जमायचं. देवाचं काम हाय, आमी काय करनार?"

तेवढ्यात दाराशी उभा असलेला माझा मामा म्हणाला, "आवं, थांबा वाईच. आमचं देवक येगळं, पाचपालवी. पोरगी मला दत्तक द्या. माझी लेक म्हणून मी देतो तुमास्नी."

चुलते घुटमळले. बरोबरच्या म्हाताऱ्यांशी कुजबुजले आणि परत खाली बसले. "व्हय, असं करत्यात. पर मग कन्यादान मामाचं. बापानं हात लावायचा न्हाई."

सगळे आबांकडे बघायला लागले. मला बघवेना. मला हे लग्न हवं होतं, आणि त्यासाठी त्यांनी मला देऊन टाकायला हवं होतं. त्यांनी नाही म्हणावं असंही एक क्षण वाटून गेलं. आबांनी घसा खाकरला. आईनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तो तसाच राहिला.

"दिली," ते म्हणाले.

लग्नात मामा-मामी पाटावर बसले. आबा मागे, पाहुण्यांत, अक्षता हातात घेऊन. कन्यादान उरकल्यावर मी पाया पडायला त्यांच्याकडे गेले, तर ते दोन पावलं मागे सरकले.

"आदी मामाच्या पाया पड," ते म्हणाले. "बाप आता त्योच हाय."

मी ऐकलं नाही. पुढे होऊन आधी त्यांचेच पाय धरले.